हळदीचा उतारा : तोटा नेमका कोठे होतो?

सांगली बाजारात हळद घेणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना एक अनुभव नेहमी येतो. एकाच गावच्या, एकाच जातीच्या दोन ढिगांना वेगवेगळा भाव मिळतो. दोन्ही शेतकऱ्यांची जमीन एकरा-दोन एकरांचीच. मग फरक कशाने पडतो?

उत्पादनक्षमता म्हणजे केवळ जास्त खत नव्हे. तेवढीच जमीन, बेणे व पाणी वापरून विकण्याजोगा माल किती निघाला, हा खरा हिशेब होय. हळदीला हेक्टरी सुमारे २५ क्विंटल बेणे लागते. ते रोगट निघाले तर कंदकूज पसरते आणि आठ-नऊ महिन्यांची मेहनत वाया जाते. निरोगी बेणे, पाण्याचा निचरा करणारे गादीवाफे आणि वेळेवर भरणी ही पहिली बचत.

दुसरी गळती काढणीनंतर होते. १०० किलो ओल्या हळदीपासून साधारणपणे २० किलो वाळलेली हळद मिळते. हा उतारा १८ वर आला, तर विक्रीचा दहावा हिस्सा गेला! हळद कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ होऊन मोडते. जास्त शिजली तर रंग उतरतो. काहिलीत तळाचा माल जास्त शिजतो व वरचा कच्चा राहतो. वाफेच्या बॉयलरमध्ये माल एकसारखा शिजतो. वेळ व इंधनही वाचते. लहान शेतकऱ्याला बॉयलर विकत घेणे परवडत नाही. पण तो भाड्याने मिळतो. बॉयलर व पॉलिशचे ड्रम बनविणे, दुरुस्त करणे हे आपल्या लोखंडकाम करणाऱ्या कारागिरांना हंगामी कामाचे चांगले साधन आहे.

तिसरी गोष्ट व्यापाऱ्याच्या हाती आहे. हळद दहा टक्क्यांहून कमी ओलाव्यापर्यंत वाळवावी लागते. पण नीट वाळवले की वजन घटते. ओल्या व कोरड्या मालाला एकच भाव दिला, तर मेहनत करणाराच तोट्यात जातो आणि पुढच्या वर्षी तोही ओली हळद आणतो. मग बुरशी व्यापाऱ्याच्याच गोदामात लागते.

म्हणून ओलावा तपासून, हळकुंडे व गड्डे वेगळे करून भाव ठरवावा. चांगल्या मालाला दिलेला जादा भाव हा खर्च नसून पुढील हंगामाचे भांडवल आहे.