२०० आलं, पण नोंद कुठाय?

पर्लची स्क्रिप्ट फॉर्म पाठवते, सर्व्हर २०० म्हणतो, लॉगमध्ये सगळं आलबेल; आणि डेटाबेसात नोंदच नाही. २०० म्हणजे सर्व्हरने एक पान परत दिलं, बस्स. त्या पानावर लाल अक्षरांत ‘सर्व रकाने भरा’ असलं तरी आकडा तोच. म्हणून मी आधी कोडला हात लावत नाही. परत आलेलं पान फाइलीत उतरवून ब्राउझरमध्ये उघडतो. बरीच दुखणी तिथेच कळतात.

परवाच्या फॉर्मने मात्र तेही सांगितलं नाही. चूक नाही, तक्रार नाही, कोरा फॉर्म परत. मग तोच फॉर्म हाताने भरला, ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला आणि स्क्रिप्टची रिक्वेस्ट शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडली. कंटाळवाणं काम, पण दुसरा उपाय नाही. पडद्यावर रकाने चार, ब्राउझर पाठवत होता आठ. तीन लपलेले, एएसपी डॉट नेटचे: व्ह्यूस्टेट वगैरे. आठवं होतं ‘साठवा’ बटण! बटणालाही नाव असतं. ते आलं नाही तर ते दाबलंय हे सर्व्हरला कळणार कसं? तो निमूटपणे पान पुन्हा रंगवतो. माझी स्क्रिप्ट वापरते ते पर्लचं मेकनाइझ हे मॉड्यूल लपलेले रकाने, कुक्या स्वतः सांभाळतं. पण नुसतं ‘सबमिट’ म्हटलं तर बटण न दाबताच फॉर्म धाडतं. तिथे ‘क्लिक बटन’ लिहिलं आणि नोंद झाली.

पुढचा घोळ आपल्या लिपीचा. नावांच्या जागी ‘à¤’ छाप कचरा. स्क्रिप्टमध्येच मराठी मजकूर लिहिलाय आणि वर ‘यूज यूटीएफ८’ नाही, तर पर्ल ‘अ’ला एक अक्षर न मानता तीन सुटे बाइट मानतो. पाठवताना त्यांचं पुन्हा एन्कोडिंग होतं, तिनाचे सहा. ती एक ओळ घातली की नावं सरळ.

जावास्क्रिप्टने पानावर घातले जाणारे रकाने मेकनाइझला दिसतच नाहीत. ते ब्राउझरमध्ये बघून आपणच घालायचे. कॅप्चा आला तर मी थांबतो. समोर माणूसच हवा म्हणूनच तो लावलेला असतो. अशा वेळी फॉर्म ज्यांचा, त्या पोर्टलवाल्यांना सरळ फोन करावा, एपीआय मागावा. कधीकधी त्यांच्याकडे सीएसव्ही अपलोडची सोय आधीपासून असते, फक्त कुणी विचारलेलं नसतं.