चोंगचिंगचे इंजिन, घरचा पाना

चिनी बनावटीची छोटी मोटरसायकल विकत घेणाऱ्याने रंग आणि हेडलाइट पाहण्याआधी गुडघे टेकून इंजिनच्या अंगावर ठोकलेली अक्षरे वाचावीत. ‘1पी52एफएमआय’ अशी काहीशी ती असतात. पहिला आकडा सिलिंडर किती ते सांगतो. ‘पी’ म्हणजे सिलिंडर आडवा झोपवलेला, 52 म्हणजे बोअर, सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये, ‘एफ’ म्हणजे हवेवर थंड होणारे, ‘एम’ म्हणजे मोटरसायकलचे आणि ‘आय’ म्हणजे 125 सीसीच्या गटातले. या जातीच्या इंजिनाचा बोअर नेमका 52.4 आणि स्ट्रोक 55.5 मिलिमीटर असतो. सिलिंडरचे क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, असा हिशेब केला तर 119.7 सीसी येतात. म्हणजे टाकीवर 125 लिहिलेले असले तरी आत 120च आहेत. 54 बाय 54चे इंजिन मिळाले, तर ते जवळजवळ 124 सीसीचे भरते. गिऱ्हाइकाला ही माहिती दुकानात सहसा मिळत नाही, पण ती इंजिनवरच लिहिलेली असते.

या आडव्या इंजिनाचे मूळ 1958 सालच्या होंडा सुपर कबमध्ये आहे. सोइचिरो होंडा आणि ताकेओ फुजिसावा या जोडीने ती गाडी आणली आणि 2017पर्यंत कब मालिकेच्या दहा कोटी गाड्या बनल्या. चीनमध्ये हे तंत्र अधिकृत वाटेनेच आले. चोंगचिंग शहरातला जियालिंग हा मुळात शस्त्रे बनवणारा सरकारी कारखाना. सत्तरचे दशक संपता संपता तो मोटरसायकलींकडे वळला आणि 1981मध्ये त्याने होंडाशी तांत्रिक करार केला. मग त्याच शहरात खासगी कंपन्या उभ्या राहिल्या. झोंगशेन काढणारे झुओ झोंगशेन हे मोटरसायकल दुरुस्त करणारे मेकॅनिक, तर लिफान काढणारे यिन मिंगशान त्याआधी पुस्तकांच्या धंद्यात होते. दोन्ही कंपन्यांची सुरुवात 1992ची.

या कंपन्यांनी नवे इंजिन शोधले नाही, पण त्यांची कामाची पद्धत नवी होती. गाडीचे मोठे भाग त्यांनी ठरवून घेतले आणि ते शेकडो छोट्या पुरवठादारांवर सोपवले. ठरलेल्या मापात पार्ट बसला पाहिजे, बाकीचे पुरवठादारांनी आपसांत बघून घ्यायचे. तेव्हा टोकियो विद्यापीठात असलेले ताकाहिरो फुजिमोतो यांच्यासारख्या अभ्यासकांनी या पद्धतीवर बरेच लिहिले आहे. तिचा परिणाम आजही हाताला जाणवतो. एका कंपनीचा कार्ब्युरेटर दुसरीच्या इंजिनावर बसतो, तिसरीची क्लच प्लेट चौथीला चालते. जपानी कंपनीचे खासगी डिझाइन अशा रीतीने जवळजवळ सार्वजनिक माप होऊन बसले. ही गाडी घरच्या घरी बदलता येते, याचे खरे कारण हे आहे.

नक्कल हा शब्द इथे टाळू नये. सुपर कबच्या मूळ इंजिनाचे पेटंट केव्हाच संपले, त्यामुळे त्यावर कुणी इंजिन बांधले तर माझी हरकत नाही. पण आजच्या गाडीचा चेहरामोहरा जसाच्या तसा उचलणे मला समर्थनीय वाटत नाही. होंडाने मात्र व्यवहार पाहिला. नकलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एका चिनी कंपनीशीच भागीदारी करून तिने 2001मध्ये ‘सुंदिरो होंडा’ उभी केली. व्हिएतनाममध्ये स्वस्त चिनी गाड्यांनी बाजार खाल्ला, तेव्हा 2002च्या सुरुवातीला तिने ‘वेव्ह अल्फा’ ही बऱ्याच कमी किमतीची गाडी आणली आणि त्यासाठी चिनी सुटे भागही वापरले.

नकलेचे आजचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या शहरांत दिसते. थायलंडमध्ये बनणारी होंडाची ग्रॉम 2013मध्ये आली. बारा इंची चाके, वजन शंभर किलोच्या आसपास. अमेरिकेत तिची सुरुवातीची किंमत 2,999 डॉलर होती. थोड्याच काळात तिच्या चिनी प्रती जवळजवळ निम्म्या किमतीत मिळू लागल्या. ग्रॉमला फ्युएल इंजेक्शन आहे. प्रतींना बहुधा कार्ब्युरेटर आणि चार गिअर असतात. कॉलेजला, कामाला, किराणा आणायला जाणाऱ्याला त्या पुरतात. वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास जातो आणि अनेक राज्यांत एवढ्या लहान इंजिनाला आंतरराज्य महामार्ग बंदच असतात, तेव्हा गाडी शहराचीच.

कागदपत्रांत हयगय करू नये. चिनी गाडीचा चासी नंबर ‘एल’ने सुरू होतो. तो नंबर आणि उत्पादकाच्या प्रमाणपत्रातला नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. नाहीतर नोंदणीच्या खिडकीवर गाडी अडकते. कॅलिफोर्नियाचा नियम आणखी कडक आहे. 7,500 मैलांपेक्षा कमी चाललेली गाडी नवी धरली जाते आणि त्या राज्याचे प्रदूषणविषयक प्रमाणपत्र नसेल तर तिथल्या रहिवाशाला ती नोंदवता येत नाही. स्वस्त प्रतींपैकी अनेकांकडे ते नसते.

गाडी येते ती लोखंडी पिंजऱ्यात. पुढचे चाक, हँडल, आरसे वेगळे, बॅटरी सुटी. ही जोडणी तासाभरात उरकता येते, पण तेवढ्यावर गाडी रस्त्यावर काढणे धोक्याचे आहे. कारखान्यात जी शेवटची तपासणी व्हायला हवी होती ती गाळूनच किंमत उतरलेली असते. ती आता घेणाऱ्याने करायची. अ‍ॅक्सल, ब्रेक कॅलिपर, इंजिन धरणारे बोल्ट, फूटरेस्ट हे सगळे एकेक करून ढिले करावे, लॉकिंग लिक्विड लावावे आणि टॉर्कच्या पान्याने पुन्हा आवळावे. ऑइल एक लिटरपेक्षा कमीच मावते आणि बहुतेकांत कागदी फिल्टर नसतो, नुसती जाळी असते. पहिले ऑइल लवकर काढून पांढऱ्या भांड्यात घेतले, तर धातूची बारीक चमक डोळ्यांना दिसते.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. इंजिन रात्रभर थंड झालेले हवे. डावीकडचे झाकण काढून मॅग्नेट फिरवत ‘टी’ची खूण खाचेसमोर आणायची. त्या जागी दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवायचा. सिलिंडर आडवा असल्यामुळे इनटेकची टोपी वर आणि एक्झॉस्टची खाली, जमिनीकडे तोंड करून. फिलर गेजचे 0.05 मिलिमीटरचे पाते, केसापेक्षाही पातळ, आत सरकवायचे. ते हलकेच अडत ओढले गेले की माप बरोबर. नट आवळताना स्क्रू हटकून थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाते घालून बघायचे. पिंजऱ्यातून आलेल्या गाडीत एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट सापडला, तर तो तसा सोडू नये. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि कडा जळते.

एवढे झाल्यावरच बदलांचा विचार करावा. माझ्या मते पहिला पैसा टायरवर जावा. 120/70-12 आणि 130/70-12 ही मापे नामांकित कंपन्यांकडे सहज मिळतात, आणि ओल्या रस्त्यावर जीव रबराच्या त्या तळहाताएवढ्या तुकड्यांवर असतो. पाठोपाठ ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि चांगली चेन.

स्प्रॉकेट हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल. पुढे 15 दात आणि मागे 34 असतील, तर गुणोत्तर 2.27 होते. पुढे 14चा लावला की ते 2.43 होते. त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरते, चढावर आणि सिग्नलवरून निघताना गाडी मोकळी वाटते, वरचा वेग मात्र घटतो. शहर सपाट असेल तर उलट, 16चा लावावा. इंजिन शांत चालते आणि पेट्रोलही वाचते. झाकण उघडून दोन बोल्ट काढले आणि चेनचा ताण जुळवला की काम झाले.

मोठा पिस्टन, कर्कश सायलेन्सर, आरपीएमची मर्यादा काढणारा इग्निशनचा सीडीआय यांना मी स्पष्ट नको म्हणतो. जादा ताकद आधी क्लच खाते, मग हेड तापवते. कार्ब्युरेटरचे मिश्रण कारखान्यातून पातळ येते, त्यामुळे थंड गाडी अडखळते, पण अमेरिकेत प्रदूषण-नियंत्रणाशी छेडछाड हा संघीय कायद्याचा भंग आहे. त्यामुळे मिश्रणाला हात न लावता गाडी दोन मिनिटे गरम करावी, हे उत्तम.

महाराष्ट्राचा या बाजाराशी संबंध दोन बाजूंनी येतो. आफ्रिकेतल्या टॅक्सी-मोटरसायकलींच्या धंद्यात चिनी गाड्यांना सर्वांत मोठी टक्कर देते ती बजाजची बॉक्सर. आणि इकडे, चिनी मालकीच्या बेनेलीच्या गाड्या काही वर्षे पुण्याच्या डीएसके समूहामार्फत विकल्या गेल्या. 2022मध्ये बेनेलीच्याच चिनी समूहातल्या कीवेने 125 सीसीची गाडी भारतात आणली. पण इथे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. त्यामुळे पुण्या-नाशकात अशी गाडी घेणाऱ्याने मोठा पिस्टन किंवा वेगळे इंजिन बसवण्याचा बेत सोडून द्यावा. टॅपेट, नट-बोल्ट, त्याच मापाचे चांगले टायर, वेळेवर बदललेले ऑइल आणि ताणात ठेवलेली चेन यांना आरटीओची हरकत नाही, आणि शहरातल्या रोजच्या फेरीत गाडीला फरक पडतो तो त्यांनीच.