आजीचे शेत कोणत्या रकान्यात?

मुलगी बी. ए.ला पर्यावरणाचे अर्थशास्त्र शिकते म्हटले की आमच्याकडचे पालक विचारतात, “झाडापाल्याचं कसलं आलंय अर्थशास्त्र?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आंबेगाव तालुक्यातच सापडते.

घोड नदीवर डिंभ्याचे धरण आहे. तालुक्याला ज्याचे नाव, ते जुने आंबेगाव त्याच्या पाण्याखाली गेले. धरण कुकडी प्रकल्पातले. या प्रकल्पाचे पाणी जुन्नर-आंबेगावापासून पार श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोचते. अशा कामाचा नफातोटा मांडायचा कसा? धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली, ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. कालव्याचे प्रत्यक्ष लाभ तर त्यांनी पाहिलेच, पण अप्रत्यक्ष लाभही मोजायला घेतले.

हे वर्गात सांगत होतो, तोच धरणाच्या वरच्या अंगाची एक विद्यार्थिनी उठली. “सर, आमच्या आजीचं बुडालेलं शेत कुठल्या रकान्यात लिहायचं?”

म्हटले, “खर्चाच्या. भरपाई मिळाली तेवढी रक्कम.”

“आणि बांधावरचा हिरडा? नदीकाठची चराई? मासे?”

मी जरा घुटमळलोच. सातबाऱ्यावर जे चढत नाही त्याला बहुधा भाव लागत नाही, आणि भाव नाही ते हिशेबात शून्य धरले जाते. हा विषय शिकायचा तो या शून्यापायी.

इंग्लंडच्या पिगू नावाच्या पंडिताने १९२०च्या ग्रंथात आगगाडीचा दाखला दिला आहे. इंजिनाच्या ठिणग्यांनी आजूबाजूचे रान जळते, पण त्याची भरपाई कोणी देत नाही. जुन्नरात ठिणगीच्या जागी बिबट्या घाला. कालवा आला, ऊस आला. वर्षभर उभ्या असणाऱ्या उसात बिबट्याला आडोसा मिळाला, आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या आयत्याच. साखरेच्या भावात धनगराची मेंढी कोणी धरलेली नसते. सरकार भरपाई देते, ती सर्वांच्या करातून. पण माणूसच गेला, तर त्या घराला ती कशी पुरणार? ऊसवाल्याला दोष देण्याचा हेतू नाही. त्याने बिबट्या आणून सोडलेला नाही, आणि रात्री पाणी धरायला तोही जीव मुठीत धरूनच जातो. मग पैसा पिंजऱ्यांवर घालावा, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रावर, की शेतीला दिवसा वीज देण्यावर? धोरण म्हणतात ते हेच, आणि ते अंदाजपंचे ठरू नये.

त्या मुलीने सुटीत गावोगाव विचारपूस केली. जलाशय ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत विस्थापित आदिवासी पिके घेतात, मासेमारी करतात, हेही तिने टिपले. या कामात त्यांच्यासोबत असलेल्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले आहे. तेव्हा जमेच्या बाजूलाही काही पडले. गुरुजींनो, सातवी-आठवीच्या मुलांकडून असे टिपण सहज होईल. एक वही आणि गावातली दोन म्हातारी माणसे पुरेत.

तिच्या वहीत जमा आणि खर्च यांशिवाय तिसरा रकाना होता: ‘भाव ठरलेला नाही’. त्यातली पहिली नोंद आजीने सांगितलेली, हिरड्याची.