कलापथकाला वर्गणी नको, वर्षाचा करार हवा

एप्रिल महिना जवळ आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून पावतीपुस्तके निघतात. किराणा दुकानदार, मेडिकलवाले, इलेक्ट्रिकचे दुकान, बांधकामाचे ठेकेदार, पतपेढी असे सर्वजण आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देतात. मंडप उभा राहतो, रोषणाई होते, १४ एप्रिलच्या रात्री गायन पार्टी रंगते. दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याचे, लाऊडस्पीकरवाल्याचे आणि बॅनरवाल्याचे पैसे ठरल्याप्रमाणे चुकते होतात. गाणाऱ्याच्या हातावर मात्र उरलेसुरले ठेवले जाते. पुढचे ११ महिने त्या कलावंताचे काय होते? ढोलकी फाटली तर ती कोण मढवून देतो? पेटीचा भाता गळू लागला तर दुरुस्तीचे पैसे कोठून येतात? तालमीला जागा कोण देतो? याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

दुकानदाराची नियत वाईट असते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. त्याला जे मागितले तेच तो देतो. आपण वर्गणी मागतो, म्हणून तो वर्गणी देतो. आपण वर्षभराची साथ मागितलीच नाही, तर ती मिळणार कशी?

कलावंताचे ऋण

ज्या काळात आपल्या बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती, त्या काळात बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी पोहोचविला तो जलशांनी. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक व त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक २००४ साली निधन होईपर्यंत समाजासाठी लिहीत व गात राहिले. अण्णाभाऊ साठे यांनी शाहिरी, लोकनाट्य, कथा, कादंबरी अशा सर्व प्रांतांत मोलाचे काम केले. त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत गेली आणि १८ जुलै १९६९ रोजी हलाखीतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे विकास महामंडळ निघाले ते १९८५ साली! कलावंत जिवंत असताना त्याच्या चुलीची चौकशी करावयाची नाही आणि मागाहून त्याच्या नावाचा फलक लावावयाचा, ही रीत आता मोडली पाहिजे.

ज्येष्ठ कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ती उतारवयासाठी आहे. उमेदीच्या वयात कलावंताला उभे ठेवावयाचे असेल तर गावातील व पेठेतील व्यापार-उद्योगांनीच पुढे आले पाहिजे.

पैसा आहे कोठे?

आम्ही कारकुनी करणारे, त्यामुळे हिशेबाच्याच भाषेत बोलतो. समजा, वस्तीतील १० दुकानदारांनी दरमहा ५०० रुपये द्यावयाचे ठरविले. महिन्याचे ५,००० आणि वर्षाचे ६०,००० रुपये झाले. त्यातून तालमीच्या खोलीचे भाडे दरमहा १,००० प्रमाणे १२,००० रुपये आणि वाद्यांच्या दुरुस्तीला ८,००० रुपये. मुलामुलींच्या गायन-वादन वर्गाला १०,००० रुपये. राहिलेल्या ३०,००० रुपयांत १० कलावंतांना ३ कार्यक्रमांचे प्रत्येकी १,००० रुपये मानधन देता येते. ते ३ कार्यक्रम म्हणजे १४ एप्रिल, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती. एका रात्रीच्या डीजेला आणि रोषणाईला आपण किती मोजतो, ते प्रत्येकाने मनाशी आठवून पाहावे.

सर्व मदत रोखीतच हवी असेही नाही. छापखान्याने हस्तपत्रके छापून द्यावीत. टेम्पोवाल्याने वर्षातून ३ फेऱ्या द्याव्यात. शिंप्याने मुलींचे पोशाख शिवावेत, क्लासवाल्याने रविवारी रिकामी खोली उघडून द्यावी. जमाखर्च लिहिणाऱ्याने पथकाच्या वह्या लिहून द्याव्यात. ही मदतही पैशांइतकीच मोलाची आहे.

आता कारखान्यांकडे वळू. आपल्यापैकी अनेकांच्या पगारपत्रकात जून आणि डिसेंबर महिन्यात कामगार कल्याण निधीची छोटी कपात दिसते. कामगाराकडून जेवढी रक्कम घेतली जाते, तिच्या तिप्पट रक्कम मालकाला भरावी लागते. १९५३ च्या कायद्याने आलेल्या या निधीवर कामगार कल्याण मंडळाची केंद्रे चालतात आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा होतात. म्हणजे उद्योगाने कलेला हातभार लावावा ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. आपल्या जवळच्या केंद्रात आपल्या घरातले कोण जाते, एवढे तरी विचारून पाहा.

मोठ्या कंपन्यांवर कायद्याने आणखी एक जबाबदारी टाकली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च केले पाहिजेत. सरासरी नफा १० कोटी असेल तर ही रक्कम २० लाख होते. या कामांच्या यादीत शिक्षण, आरोग्य यांच्याबरोबर कला, संस्कृती, पारंपरिक कला आणि सार्वजनिक वाचनालये हीही आहेत. शिवाय कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो. एमआयडीसीच्या कुंपणाला लागून असलेल्या आपल्या वस्त्या या परिसरात नाहीत तर कोठे आहेत?

मागणाऱ्याची तयारी

परंतु हा पैसा तोंडी विनंतीवर मिळत नाही. त्यासाठी संस्था नोंदलेली हवी. किमान ७ सभासदांनी एकत्र येऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रीतसर नोंदणी करावी. बँकेत संस्थेच्या नावाने खाते उघडावे. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेत. आयकर खात्याची मान्यता घ्यावी. त्यातली देणगीदाराला कर-सवलत देणारी मान्यता लोक 'एटी जी' या नावाने ओळखतात. २,००० रुपयांवरची देणगी रोख घेतल्यास ही सवलत मिळत नाही, म्हणून ती चेकने किंवा बँकेमार्फतच घ्यावी. कंपन्यांचा सामाजिक निधी घेणाऱ्या बाहेरच्या संस्थेला अशा कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी लागते. म्हणून जे पथक आज नोंदणी करून कामाला लागेल, ते ३ वर्षांनी कंपनीच्या दारात ताठ मानेने उभे राहील. जे पथक पुढच्या वर्षी पाहू म्हणेल, ते तेव्हाही पावतीपुस्तकच घेऊन फिरत असेल.

पैसा तुमचा, शब्द आमचे

करार एका पानाचा असला तरी चालेल, पण तो लेखी असावा. दुकानदार किती देणार, कोणत्या तारखेला देणार, पथक किती कार्यक्रम करणार, दुकानाचे नाव कोठे व किती मोठे येणार, हे त्यात स्पष्ट लिहावे. कलावंताचे मानधन कार्यक्रमाच्याच दिवशी मिळेल आणि गायिकेला गायकाइतकेच मिळेल, ही अटही त्यात घालावी. गीतकाराचे नाव घेतल्याशिवाय गीत म्हणावयाचे नाही, हा नियम पथकाने स्वतःवर घालून घ्यावा.

काही गोष्टींना मात्र ठाम नकार द्यावा. कोणते गाणे म्हणावयाचे आणि कोणते वगळावयाचे हे पैसे देणाऱ्याने ठरवू नये. व्यासपीठावर महापुरुषांपेक्षा मोठा फोटो कोणाही शेठजीचा वा पुढाऱ्याचा नसावा. दारू आणि गुटख्याचा पैसा तर नकोच. तंबाखूच्या मालाची जाहिरात आणि प्रायोजकत्व यांना २००३ च्या कायद्यानेही मनाई केलेली आहे. कंपनीच्या बाबतीत तर माल खपविण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व सामाजिक खर्चात धरलेच जात नाही, हे कंपनीच्या अधिकाऱ्याला नम्रपणे सांगता यावे एवढी माहिती आपल्या कार्यकर्त्याला असावी.

दुकानदाराला यातून काय मिळते, असे कोणी विचारील. ज्या वस्तीच्या पैशावर त्याचा गल्ला भरतो, त्या वस्तीचा विश्वास मिळतो. वर्षातून ३ वेळा त्याचे नाव सन्मानाने घेतले जाते आणि त्याचीही मुले त्याच वर्गात ढोलकी शिकतात. कारखान्याला व्यसनमुक्तीवर किंवा कामाच्या सुरक्षिततेवर पथनाट्य हवे असेल, तर योग्य मोबदला घेऊन तेही पथकाने करावे. ही भीक नव्हे, दोघांच्या हिताचा व्यवहार आहे.

आज आपल्या समाजातही उद्योजक उभे राहिले आहेत. २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात 'डिक्की' ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली. २०१३ साली त्यांना व कल्पना सरोज यांना पद्मश्री मिळाली. ज्या गीतांनी आपल्या आईवडिलांना मान वर करावयास शिकविले, त्या गीतांचा वारसा सांभाळण्यात आपल्या उद्योजकांनी पहिले पाऊल टाकावे, अशी आमची अपेक्षा आहे.

माता-भगिनींनाही आमची एक विनंती आहे. महिन्याचा किराणा तुम्ही भरता, तेव्हा दुकानदार तुमचा शब्द सहसा मोडत नाही. या महिन्यात सामान घेताना एवढेच विचारा, "दादा, आमच्या मुलांच्या कलापथकाला वर्षभर साथ द्याल का?" १० घरांनी १० दुकानांत हा प्रश्न विचारला, तर पुढच्या १४ एप्रिलला गाणाऱ्याच्या हातावर उरलेसुरले ठेवण्याची वेळ येणार नाही.