व्यभिचारी लक्षणे आणि निदान : जुन्या मोटारीच्या टायमिंग बेल्टच्या निमित्ताने

अनुमानप्रमाणाची चर्चा करताना धूर आणि अग्नी यांचे उदाहरण इतके वापरले गेले आहे की, त्यात अनुमान करणारा चुकला तर काय होते हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उद्भवतच नाही. ज्या अनुमानाच्या चुकीची किंमत तत्काळ मोजावी लागते, असे एखादे उदाहरण शोधू गेल्यास जुन्या मोटारीतील टायमिंग बेल्टच्या बिघाडाचे निदान पुष्कळ उपयोगी पडते. भाषेच्या अभ्यासकास त्यात आणखीही एक स्वारस्य आहे. गाडीला वाचा नसल्याने तिची तक्रार मालकाच्या शब्दांतून मिस्त्रीपर्यंत पोहोचते, आणि निदानाचा पहिला टप्पा या शब्दांच्या अर्थनिर्णयाचाच असतो.

प्रथम यंत्राविषयी. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. हे प्रमाण दातेरी रबरी पट्टा राखतो. खालच्या दंतचक्रास २० दाते असतील तर वरच्यास ४० असतात. पट्टा एक दाता जरी सरकला, तरी झडपांची वेळ क्रँकशाफ्टच्या मापाने १८ अंशांनी चुकते. मिनिटास ३,००० फेरे या गतीने प्रत्येक झडप सेकंदास २५ वेळा उघडते व मिटते, हे ध्यानी घेतले म्हणजे या चुकीचे गांभीर्य कळेल. कित्येक इंजिनांत तर दट्ट्या वर येतो त्याच जागेत उघडी झडप उतरत असते. दोघांची गाठ पडू नये ही व्यवस्था सर्वस्वी पट्ट्याच्या हाती असल्याने, पट्टा तुटताच एकदोन फेऱ्यांच्या आत झडपा वाकतात आणि इंजिनाचे डोके उतरविण्याची पाळी येते. (या पट्ट्यास टायमिंग बेल्ट असेच म्हणावे. ‘कालनियमनपट्टिका’ असा शब्द घडविणे अवघड नाही. परंतु तो उच्चारणाऱ्यास दुकानात पट्टा मिळणार नाही.)

असा पट्टा मोटारीत आला तो १९६२ साली, जर्मनीतील ग्लास १००४ या गाडीतून. आपल्याकडील अँबॅसेडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत मात्र हे काम लोखंडी साखळी करीत असे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० बरोबर रबरी पट्टा घरोघरी पोहोचला. हा फरक निदानाच्या दृष्टीने मूलगामी आहे. साखळी ढिली झाली की खडखडते. ती आपला ऱ्हास स्वतःच जाहीर करते. पट्टा बहुधा मुक्यानेच झिजतो. आयुर्वेदाच्या परिभाषेत सांगावयाचे तर या व्याधीस पूर्वरूप जवळजवळ नाही. ‘काही आवाज तर येत नाही’ हे वाक्य साखळीच्या काळात दिलाशाचे होते. पट्ट्याच्या गाडीत ते काहीच सिद्ध करीत नाही.

तरीही आवाज येतातच, आणि त्यांच्या वर्णनासाठी मराठीने अनुकरणवाचक शब्दांचे विलक्षण भांडार ठेवले आहे. गाडी सुरू करताच येणारी किंचाळी बहुधा जनित्र फिरविणाऱ्या बाहेरच्या पट्ट्याची असते. दातेरी पट्टा तशी घसरण सहसा करीतच नाही. टिकटिक झडपांमधील वाढलेल्या अंतराची असू शकते. झाकणाच्या आत फडफड होत असेल तर पट्टा सैल असल्याचा संशय घ्यावा. घरघर असेल तर ताण देणाऱ्या चाकाचे किंवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग तपासावे. यांतील प्रत्येक शब्द आवाजाचा प्रकार सांगतो, स्थान सांगत नाही; म्हणून मालकाचा शब्द नोंदवून घ्यावा, निष्कर्ष नोंदवू नये.

शब्दांपेक्षा क्रियारूप अधिक बोलके ठरते, असे माझे मत आहे. ‘गाडी ओढत नाही’ आणि ‘गाडी ओढेनाशी झाली’ ही दोन वाक्ये समानार्थी नव्हेत. पहिले केवळ स्थिती सांगते. दुसरे स्थित्यंतर सांगते. जुन्या गाडीची शक्ती दट्ट्याच्या कड्या झिजून वर्षानुवर्षे हळूहळू उणावते, तर पट्टा दाता सोडतो तो एका क्षणी. म्हणून ‘कालपर्यंत घाट चढत होती, आज चढेना’ या तक्रारीचे मोल फार आहे. अर्थात एवढ्याने निर्णय होत नाही. इंधनाची गाळणी तुंबली तरी असेच घडू शकते.

दाता सुटल्यावर दिसणारी लक्षणे म्हणजे सुरू होण्यास विलंब, मंद गतीवर थरथर, अधिक इंधन, क्वचित उलटा भडका. ही सगळीच व्यभिचारी आहेत. पट्टा सुस्थितीत असूनही ती आढळतात. गॅरेजमध्ये ‘मिसिंग मारते’ हा एकच शब्दप्रयोग यांतील निम्म्यांसाठी वापरला जातो. येथे लक्षणांची बेरीज करून भागत नाही. भेदक परीक्षा हवी. सर्व सिलिंडरांतील दाब मोजावा. एकाचाच दाब कमी असेल तर दोष बहुधा त्या सिलिंडरचा किंवा त्याच्या झडपांचा. सर्वांचा सारखाच कमी असेल तर पट्ट्याचा संशय बळावतो, कारण एकच कॅमशाफ्ट सर्वांच्या झडपा हलवितो. परंतु जुन्या इंजिनात कड्याही सर्वत्र झिजलेल्या असू शकतात. तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल घालून पुन्हा मोजावे. दाब चांगलाच वाढला तर कड्या दोषी. फारसा वाढला नाही तर संशय झडपांच्या वेळेवर ठेवावा. उपचारावरून रोग ओळखण्याच्या या रीतीस प्राचीन वैद्यांनी ‘उपशय’ म्हटले आहे.

पट्टा पूर्णपणे तुटला असता मात्र लक्षण पुष्कळच निश्चित असते. चालती गाडी एकाएकी बंद पडते. स्टार्टर मारल्यास नेहमीची अडखळती लय ऐकू येत नाही. इंजिन एकसारखे, नेहमीपेक्षा वेगाने व अवरोधाविना फिरते. अशा वेळी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणे हा अविचार होय, कारण वाचलेल्या झडपाही त्याने वाकू शकतात. कॅमशाफ्ट फिरत नाही याची खात्री झाकण काढून, इंजिन हाताने अगदी थोडे फिरवून करावी, आणि अडथळा जाणवताच थांबावे.

राहिली प्रत्यक्ष पाहणी. पूर्वीच्या निओप्रीन पट्ट्यांवर भेगा दिसत. अलीकडचे रबर वरून चांगले दिसत असतानाही आतून निकामी झालेले असू शकते. पट्ट्यावर तेल किंवा पाणी झिरपले असेल तर तो निःसंशय बदलावा, व झिरपण्याचे मूळही त्याच वेळी दुरुस्त करावे. संदेह उरल्यास मेणबत्त्या, अर्थात स्पार्क प्लग, काढून क्रँकशाफ्ट पान्याने नेहमीच्या दिशेस पूर्ण दोन फेरे फिरवावा आणि दोन्ही दंतचक्रांवरील खुणा जुळतात की नाही ते पाहावे. केवळ खालची खूण जुळणे पुरेसे नाही; ती कॅमशाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा जुळते. आणि जुन्या गाडीचा पट्टा मागे केव्हा बदलला याचा लेखी पुरावा नसेल, तर किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. निर्मात्याच्या पुस्तिकेत अंतराबरोबर वर्षांचीही मर्यादा दिलेली असते ती त्यामुळेच.