कुणाचा रं तू?

हवाई बेटांपैकी काउआई या छोट्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन संशोधिकांनी त्या मुलांच्या चाळिशीपर्यंत काढला. मुलांच्या चिवटपणाविषयी लिहिणारा प्रत्येक जण या अभ्यासाचा हवाला देतो. ही मुले कुणाची होती, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. त्यांतली बरीचशी उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या घरांतली होती. कुणाचे आजे-पणजे जपानहून आलेले, कुणाचे फिलिपिन्सहून. ऊस, मजुरी आणि परमुलूख या तीन गोष्टी बारामती-इंदापूरच्या माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

या मुलांतला साधारण तिसरा हिस्सा वर्नरबाईंनी धोक्याच्या यादीत घातला. गरिबी, अवघड बाळंतपण, घरातली सततची भांडणे, बापाची दारू, आईचे कमी शिक्षण, पालकांचे मानसिक आजारपण यांतली चार किंवा अधिक संकटे वयाची दोन वर्षे भरायच्या आतच ज्यांच्या वाट्याला आली, ती ही मुले. त्यांतली दोनतृतीयांश पुढे अडखळली. उरलेली नीट वाढली, शिकली, कामाधंद्याला लागली. या सावरलेल्या मुलांच्या आयुष्यात आजी, मावशी, शेजारीण, एखादे मास्तर किंवा चर्चचा गट असे कुणी ना कुणी होते. आईबापांचा हात सुटला तेव्हा धरायला दुसरा हात होता. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. अडखळलेल्यांपैकीही पुष्कळ जण तिशी-चाळिशीत सावरलेले आढळले. कुणी उशिरा शिकले, कुणी सैन्यात गेले, कुणाला चांगला जोडीदार मिळाला, कुणी चर्चच्या मंडळीत रमले. दहावीला गचकलेला पोरगा कायमचा वाया गेला, असा निकाल आपण पारावर बसून देतो, त्याला या अभ्यासात काडीचा आधार नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या शाळांचा. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८० च्या दशकात हजारो विद्यार्थ्यांची माहिती तपासली. सरकारी माध्यमिक शाळांतून मधेच गळणारी मुले १४.४ टक्के, कॅथलिक शाळांतून ३.४ टक्के आणि इतर खासगी शाळांतून ११.९ टक्के. म्हणजे केवळ फी भरून हा फरक पडत नव्हता. मग धर्माचा प्रताप म्हणावा, तर कॅथलिक नसलेल्या पण दुसऱ्या एखाद्या धर्मसमूहाने चालवलेल्या थोड्या शाळा कोलमननी वेगळ्या काढून पाहिल्या. तिथेही गळती जवळपास तितकीच कमी. त्यांनी लावलेला अर्थ साधा होता. या शाळांभोवतीची माणसे एकमेकांना ओळखत होती. रविवारी प्रार्थनेला, लग्नाला, मयताला भेटत होती. एका मुलाचा बाप दुसऱ्या मुलाच्या बापाला नावानिशी हाक मारू शकत होता.

आपल्याकडे हे गावकी नावाच्या व्यवस्थेत आपोआप होत असे. बांधावरून उसाची कांडी मोडणाऱ्या पोराला म्हातारा हटकायचा, ‘कुणाचा रं तू?’ ‘वरच्या आळीच्या सुताराचा धाकला’ असे उत्तर आले की दिवेलागणीच्या आत सुताराला बातमी पोचलेली. त्यात जाच होता, जातही होती. कुणाच्या पोराला हटकायचे, कुणाच्या पोराला बांधावर पायच ठेवू द्यायचा नाही, हे त्याच एका प्रश्नाने ठरत असे. ते विसरून गावकीचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. पण पोरावर दहा जणांची नजर होती, हेही खरे.

ही नजर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कशी विस्कटली, ते पाहू. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि एकाच तालुक्याचे बागायत आणि जिरायत असे दोन मुलूख झाले. कालव्याकाठी ऊस आला, गुऱ्हाळे आली, पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी कारखाने उभे राहिले. पलीकडे भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातली नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते आणि ते बघायला गाड्या लागतात. फोटो सगळे देवळाचे काढतात. देवळाभोवतीच्या आळ्या, तालमी, शाळा यांचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. गाव वर सरकले म्हणजे घरे सरकली. शेजार तसाच्या तसा सरकतो असे नाही.

कोलमन यांच्या निबंधात एक आकडा आहे, तो इथे आठवतो. ज्या मुलांच्या घराने बिऱ्हाड कधी हलवले नाही, त्यांच्यापेक्षा दोनदा हलवलेल्या घरांतल्या मुलांची गळती जवळजवळ दुप्पट होती. दोनदा! ऊसतोड मजुराचे पोर दरसाल दोनदा हलते.

दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून, नगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली. कारखान्याच्या तळावर बांबू वाकवून त्यावर पाचट किंवा ताडपत्री टाकली की खोपी झाली. आत वाकूनच शिरायचे. पहाटे अंधारात आई फडावर जाते. मागे आठ-नऊ वर्षांची मुलगी राहते आणि तिच्या कडेवर धाकटे भावंड. ती भाकरी थापते, हंडा भरते, वाढ्यांच्या भाऱ्यांवर नजर ठेवते. तिला चिवटपणाचे धडे द्यायला शहरातून कुणी यायची गरज नाही; ती आपल्याला दोन शिकवील. तिला हवी आहे जवळची शाळा, भावंडाला सांभाळणारे कुणी, आणि दरसालच्या परतीनंतर हजेरीपटावर टिकलेले आपले नाव.

यासाठी महाराष्ट्रात साखरशाळांचा प्रयोग झाला. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या तळांवर अशा शाळा चालवल्या. पुढे शिक्षणहक्क कायदा आला, मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत बसवायचे धोरण आले, गावीच हंगामी वसतिगृहे ठेवायची योजना आली, शिक्षण हमी कार्ड आले. कागदावर काही कमी नाही. पण फेब्रुवारीत टोळीने तळ बदलला की पोर कुणाच्या पटावर, हा घोळ सुरू होतो. एका शाळेला ते ‘तुमचे’ वाटते, दुसरीला ‘त्यांचे’.

आता मिशनशाळांकडे येतो. बारामती-इंदापूर हा तसा कॅथलिकांचा मुलूख नव्हे. पुणे धर्मप्रांत १८८६ चा, आणि हे तालुके त्याच्या हद्दीत येतात, तरी मराठी कॅथलिक म्हटले की आठवते वसई, नाहीतर नगर जिल्हा: हरेगावची मतमाउलीची यात्रा, संगमनेरची ज्ञानमाता शाळा, जेझुइट फादरांनी चालवलेली बोर्डिंगे. बारामतीत जुन्या माणसांच्या तोंडी मिशन म्हणजे ऑस्ट्रेलियन मिशन, चर्चेस ऑफ ख्राइस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते इथे आले. पंथ वेगळा, पण शाळेने भोवतीचा समाज बांधायचा म्हणजे काय आणि काय नव्हे, हे शिकायला या मिशनचा इतिहास फार उपयोगी आहे, कारण त्यात दोन्ही बाजू सापडतात.

एक बाजू सेटलमेंटची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी वसाहती उघडल्या आणि त्यांतल्या काही सरकारने मिशनांकडे सोपवल्या. सोलापूरची अमेरिकन मिशनकडे होती, बारामतीची या ऑस्ट्रेलियन मिशनकडे. पुढे कायद्यात अशीही तरतूद आली, की ६ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवता येईल. चांगल्या हेतूने शिकवणारे शिक्षक तिथे असतीलही. पण आईबापांना पोलिसी हजेरी आणि पोराला पाटी, या जोडणीत पोराने शाळेला आपले कसे म्हणावे? वर्नरबाईंच्या बेटावर घराबाहेरचा आधार मुलाने आपणहून शोधला होता. इथे तो सरकारी हुकमाने गळ्यात पडला होता. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरातून १९५२ मध्ये. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. पारधी वस्तीतल्या पोराकडे शाळेत पहिले बोट अजूनही दाखवले जाते, ते कायदा गेला म्हणून थांबलेले नाही.

नीरेपलीकडच्या फलटण तालुक्यात सोमंथळीला जन्मलेल्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर, आणि त्यातून चाललेली मुलाची शाळा. विद्यार्थ्यांना कणखरपणावर भाषण द्यायची हौस आलेल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने भाषणाआधी हे पुस्तक वाचावे.

मिशनची दुसरी बाजू १९६६ च्या आसपासच्या दुष्काळातली. चर्चच्या मदत संस्थेकडून, ‘कासा’कडून, गहू आणि तेल येत होते. ते नुसते वाटण्यापेक्षा त्याच्या बदल्यात काम काढावे, ही कल्पना पुढे आली. शरद पवार तेव्हा ऐन पंचविशीतले कार्यकर्ते होते, आणि मिशनमधल्या एडना व्हॉझर या बाईंची त्यांना साथ मिळाली. तांदुळवाडीला पाझर तलाव झाला. त्यामागून जिरायत भागात तलावांची रांग लागली आणि १९७१ मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. शेतीच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगतात. मी ती शाळेच्या इतिहासात घालीन. विहिरीला पाणी टिकले तर घर गावात टिकते, आणि घर टिकले तर पोर त्याच शाळेत, त्याच मास्तरांसमोर, पाच-सात वर्षे बसते. धर्म बदलायची अट नाही, हजेरी नाही. चर्चने दिलेला गहू आणि गावाने उपसलेली माती.

शाळेभोवती समाज बांधण्याचा नमुना महाराष्ट्राला परदेशातून आणायची गरज नव्हतीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसत, स्वतः दळत, स्वतः रांधत. कोलमनच्या कॅथलिक शाळांत आधीपासूनची मंडळी होती. भाऊरावांनी जिथे मंडळी होण्याची शक्यताच नव्हती, तिथे ती पंक्तीपासून घडवली. माझ्या मते हे काम अधिक अवघड.

आजची तालुक्याच्या गावातली छोटी कॅथलिक शाळा साधारण अशी असते: आवारातच सिस्टरांचे राहते घर, वर्गात बहुतेक मुले शेतकऱ्यांची, दुकानदारांची, कारखान्यातल्या नोकरदारांची, बहुसंख्य हिंदू, काही मुसलमान, ख्रिस्ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सिस्टरांच्याही बदल्या होतात, पण शाळा सुटल्यावर त्या त्याच गावात असतात, हा मोठाच गुण. संध्याकाळी एखादी आई पोराचे रडगाणे घेऊन दारात गेली तर दार उघडते. अँथनी ब्रिक, व्हॅलरी ली आणि पीटर हॉलंड यांनी १९९३ च्या ग्रंथात अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांविषयी हेच टिपले: शाळा लहान, सर्वांना बहुतांशी एकच अभ्यासक्रम, आणि शिक्षक वर्गाबाहेरही मुलांना भेटणारे. अशा ठिकाणी गरीब आणि सुखवस्तू मुलांतले अंतर कमी राहते, असे त्यांना आढळले.

पण ‘अशा ठिकाणी’ गरीब मुले मुळात हवीत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती शाळांतली सुमारे ७४ टक्के मुले ख्रिस्ती नसलेली, आणि एकूण अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुले ९ टक्क्यांहून कमी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक संस्थांना शिक्षणहक्क कायद्यातून, म्हणजे २५ टक्के राखीव जागांमधूनही, सूट दिली. अहवालामागचे राजकारण ज्याने त्याने ओळखावे. आकडा मात्र बोचणारा आहे. ज्या शाळेची सारी पुण्याई शेजारात आहे, तिच्या शेजारातली खोपी तिच्या पटावर नसेल, तर ती शाळा कोलमनच्या तक्त्यातल्या ‘इतर खासगी’ रकान्यात सरकते. गावोगाव फिरणाऱ्या पिवळ्या बसही तेच करतात. वीस गावांची मुले एका इमारतीत येतात आणि त्यांच्या आईबापांची भेट होते ती व्हॉट्सॲप गटावर, तीही गृहपाठ विचारण्यापुरती.

सरकारी बाजूला तरी वेगळे काय चालले आहे? २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. तेव्हा राज्यात अशा शाळा साडेचौदा हजारांहून अधिक होत्या. पानशेतच्या समूह शाळेचा नमुना दाखवला गेला. तिथे सोयी चांगल्या आहेत, नाकारत नाही. पण वस्तीवरची बारा पोरांची शाळा बंद करताना प्रयोगशाळा किती मिळाल्या हे मोजले जाते. पोराला नावाने हाक मारणारी माणसे किती गेली, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

वर्षातून काही दिवस या पट्ट्यात जुनी नजर परत येते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला जाते. तिथे परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. मग बेलवडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. वाटेवरच्या शाळांच्या खोल्यांत दिंड्या उतरतात. फळ्याखाली पथाऱ्या पडतात, आणि एरवी ज्या पोराला बाक पुसायचा कंटाळा, ते पाण्याची बादली घेऊन अनोळखी म्हाताऱ्यांना ‘माउली, पाणी’ म्हणत फिरते. मूल्यशिक्षणाच्या तासाला हे जमत नाही, कारण त्या तासाला तहानलेले कुणी नसते.

वारी आषाढात संपते, टोळ्या कार्तिकात येतात. तेव्हा भवानीनगरच्या, माळेगावच्या तळांवर बांबू वाकवायला सुरुवात होते. तळाजवळच्या शाळेला, मग ती जिल्हा परिषदेची असो, रयतेची असो की सिस्टरांची, करता येण्यासारखे काम खर्चिक नाही: पहिल्याच आठवड्यात खोप्यांतून फिरून मुलांची नावे लिहायची, बीडकडच्या मूळ शाळेच्या मास्तरांना फोन लावायचा, धाकट्या भावंडाला मागच्या बाकावर बसू द्यायचे, आणि टोळी पुढच्या तळावर निघाली की तिथल्या शाळेला आधी कळवायचे. काही शिक्षक हे आजही करतात, कुणी सांगितले नसताना, स्वतःच्या मोबाइलचा रिचार्ज घालून.