उन्हाशी मैत्र, पाण्याशी अंतर

सकाळी कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास उमलायचे आणि दुपार कलली की मिटायचे, या शिस्तीमुळे या फुलाला ‘ऑफिस टाइम’ हे नाव मिळाले. ‘चिनी गुलाब’ म्हणूनही ते ओळखले जाते. पण त्याचे ना चीनशी नाते, ना गुलाबाशी. पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा हे त्याचे शास्त्रीय नाव. ही वनस्पती मूळची अर्जेंटिना, उरुग्वे व दक्षिण ब्राझीलमधील. विल्यम जॅक्सन हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आपली घोळीची भाजी याच प्रजातीतील.

जमिनीलगत पसरणाऱ्या या वनस्पतीची बारीक, दंडगोलाकार पाने म्हणजे पाण्याच्या लहान टाक्याच होत. प्रखर उन्हात कमी पाण्यावर अन्न तयार करण्याची या कुळाची हातोटी विलक्षण आहे. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये घोळीवरील अभ्यास प्रसिद्ध केला. मका-उसासारख्या पिकांची उष्ण हवामानातील कार्यक्षम पद्धत आणि निवडुंगाप्रमाणे रात्री कर्बवायू साठवण्याची पद्धत, या दोन्ही घोळीच्या एकाच पेशीत एकत्र चालतात, असे त्यात आढळले.

टंचाईत तग धरणारी ही वनस्पती शहरातील सज्जात मात्र अनेकदा दगावते, ती अतिकाळजीमुळे. रोज पाणी घातल्याने मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. पाने मलूल दिसल्याने आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली आशाही संपते. म्हणून मातीत बोट खुपसून पाहावे. आत ओलावा लागला तर पाणी घालू नये. कुंडीला तळाशी छिद्रे असावीत, मातीत भरड वाळू मिसळावी आणि खत बेतानेच द्यावे. फुले सरल्यावर शेंडे खुडल्यास नवे फुटवे येतात.

संततधार पावसातही हाच धोका असतो. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी बोटभर लांबीचे फाटे वाळूमिश्रित मातीत खोचून कुंडी आडोशाला, पण उजेडात ठेवावी. फाटे सहज रुजतात.

एक अट मात्र टळत नाही. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवेच. सावलीत वेली लांबत जातात आणि कळ्या उमलत नाहीत. ज्यांच्या सज्जात ऊन येत नाही, त्यांनी दुसरे रोप निवडणेच श्रेयस्कर.